रेसर घेण्याआधी

टिक् टिक् टिक् टिक्… असा बारीक आवाज बराच वेळ माझ्या मागून येत होता.

विद्यापीठाच्या फाटकापासून कोणीतरी सायकलवर माझ्या मागे लागलं होतं. मी हळू झाले की तेही हळू, मी जोर लावला की त्यालाही जोर चढायचा. भाद्रपदातली संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबलेला, अमरावती रोडवरचे ट्रक चिखलाचं पाणी उडवत निघालेले, आणि समोरून वारा असा, की वाडीला घरी पोचण्याऐवजी मी उलटी सीताबर्डीला जाते की काय! आधीच माझं डोकं फिरलेलं होतं. त्यात हे नवीन.

मी ब्रेक दाबला, एक पाय रस्त्यावर टेकवला आणि मागे वळून म्हणाले, "काय गा, रस्ता नाही सापडून राहिला का?"

तो माझ्या कॅरिअरवर आदळता आदळता वाचला. उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत चिखल उडालेला, आणि खाली वाकड्या हँडलची रेसर. माझी नजर आधी सायकलवर गेली, मग त्याच्यावर. हे मी त्याला पुढे कितीतरी दिवस ऐकवलं.

"सापडला ना," तो गडबडून म्हणाला. "म्हणून तं तुमच्या मागं आहो."

"म्हंजे?"

"तसं नाही हो! वारा भल्ला आहे ना… तुमच्या या गठोड्याच्या मागं लागत नाही. एकदम घरात बसल्यासारखं वाटते."

रागवावं की हसावं, मला कळेना. "म्हंजे वारा मी खाऊ, आन् तुम्ही मागं आरामात या?"

"हो," तो इतक्या सरळपणे म्हणाला की माझा अर्धा राग तिथेच गेला. "पन आमच्या शर्यतवाल्यांत पाळी राहाते. एक जण पुढं होऊन वारा घेते, दुसरा मागं दम खाते. मंग उलट. आता माझी पाळी. या तुम्ही मागं."

आणि तो खरंच पुढे झाला. काडीसारखा तो, आणि माझ्यामागे ते कपाटाएवढं गठोडं… त्याच्या आडोशाला माझं नाकसुद्धा झाकलं जाईना! पण वाडीच्या नाक्यापर्यंत तो मान खाली घालून, इमानेइतबारे वारा अंगावर घेत राहिला, आणि मी त्याला काही बोलले नाही. का नाही बोलले, ते तेव्हा माझं मलाच ठाऊक नव्हतं.

गठोड्यात मच्छरदाणीची जाळी होती. माझी आई, सिंधूताई, घरी मच्छरदाण्या शिवायची. सकाळी कॉलेजला जाताना शिवलेला माल मी सीताबर्डीच्या दुकानात टाकायची आणि संध्याकाळी येताना जाळीची थानं बांधून आणायची. जाळीला वजन फारसं नाही, पण फुगते अशी की लोकांना वाटावं, पोरगी घर बदलून राहिली. वजन होतं ते सायकललाच. बाबांची काळी, डबल दांडीची सायकल. ट्रान्सपोर्टच्या गोदामात चौकीदारी मिळायच्या आधी बाबा तिच्यावर मच्छरदाण्या लादून गावोगाव फिरले होते. त्या दांडीखालून पाय घालून मी लहानपणी कैची शिकले. उंची आल्यावर दांडीवरून पाय टाकू लागले, आणि नाक्यावरच्या लोकांना बघायला एक विषय मिळाला. एकोणऐंशी साल होतं. पोरी सायकल चालवायच्या, पण लेडीज. सलवारीतला पाय दांडीवरून टाकणारी वाडीत मी एकटीच.

पण मला हवी होती रेसर. सीताबर्डीला चंपतरावांच्या दुकानात एक आसमानी रेसर छताला टांगलेली होती. जानेवारीत विद्यापीठाच्या मुलींच्या सायकल संघाची निवड होती, आणि मला त्या संघात जायचं होतं. काळ्या सायकलवर तिथे मला कोणी उभंही केलं नसतं. कोणी विचारलं असतं की एवढं काय आहे त्यात, तर मला सांगता आलं नसतं. गठोडं नसताना, वारा मागून असताना कधीकधी वाटायचं, आपल्यात अजून कितीतरी जोर शिल्लक आहे… आणि सायकलच नाही म्हणते. एवढंच. पैसे जमले होते, माझ्या शिकवण्यांचे आणि थोडे बाबांचे. फक्त जाऊन घ्यायची होती.

आणि मी घेतली नाही. कारण ताराचंद.

त्या वारा चुकवणाऱ्या मुलाचं हे नाव. इंदोऱ्याला राहायचा, जरीपटक्याच्या अलीकडे. विद्यापीठात एम. कॉम. करत होता आणि मुलांच्या संघातून दोन वर्षं शर्यतीत उतरलेला होता. सराव करायला अमरावती रोड मोकळा मिळतो म्हणून इकडे यायचा, असं तो सांगायचा. त्या दिवसानंतर मात्र तो सराव माझ्याच घरी जायच्या वेळेला फाटकाशी उभा राहू लागला.

"आजही योगायोग का?" मी विचारायची.

"होय ना," तो म्हणायचा. "मलेच आश्चर्य वाटून राहिलं."

रेसरचं मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यानं माझ्या काळ्या सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको घेऊ इतक्यात."

"काहून?"

"ही जड गाडी पाय घडवून राहिली तुझे. हलक्या गाडीवर घाईनं बसलं का माणसाले वाटते, आपल्यालेच सगळं येते. दिवाळीपर्यंत हेच चालव. मंग पाह्य."

मला पटलं. शर्यतीत उतरलेला मुलगा सांगत होता, आणि… खरं सांगू? त्यानं सांगितलेलं ऐकायला मला आवडायचं. रविवारी सकाळी गठोडं न घेता आम्ही दवलामेटीच्या चढावर जायचो. तो शेजारून रेसरवर, मी काळ्या सायकलवर. "खांदे सोड… मान वर कर… दम तोंडानं नको घेऊ, वं!" घरी आले की जिना चढताना मांड्या बोंबलायच्या. पण हळूहळू तो चढ लहान होत गेला. गठोडं घेऊनही मी सीटवरून न उठता चढू लागले.

एकदा माझ्या सलवारीची कड साखळीत गेली आणि फाटली. ताराचंद खाली बसला, त्यानं ती बोटानं अलगद सोडवली. मग स्वतःच्या पँटची एक क्लिप काढून माझ्यापुढे धरली.

"आन् तुले?"

"साखळी एकाच बाजूले राहाते. दुसरी क्लिप मी उगाच लावून राहिलो होतो."

बोटं काळी झालेली होती, आणि तो ती पँटला पुसावी की नाही या विचारात तसाच बसून राहिला. मी क्लिप घेतली. त्याच्या बोटांना माझी बोटं लागली… तेलकट, गरम. घरी जाऊन मी बराच वेळ हात धुतले नाहीत, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

एका संध्याकाळी आईनं त्याला दारात गाठलंच. त्यानं वाकून "जयभीम, काकू" म्हटलं, आणि आईच्या कपाळावरच्या आठ्या उतरल्या. तो गेल्यावर म्हणाली, "पोरगा बरा आहे. पन इतका बारीक? घरी खायले नाही देत का त्याले?"

बाबा मशीनला तेल देत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "रेसरचं काय झालं वं, शामला? दिवाळी तं होऊन गेली."

"ताराचंद म्हणते, अजून थोडे दिवस."

बाबांनी तेलाचा आणखी एक थेंब मशीनमध्ये सोडला.

दिवाळीनंतर ताराचंदनं खरंच मुदत वाढवली होती. आधी म्हणाला, देवदिवाळी होऊ दे. मग म्हणाला, थंडी पडू दे. मी विचारलं की त्याचं उत्तर आता माझा प्रश्न संपायच्या आतच यायचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी, दवलामेटीहून परत येताना, मी त्याला म्हणाले, "एक दिवस तुझी दे ना. वाडीच्या पुढं, फुटाळ्याच्या वळणापर्यंत. तू माझी घे."

तो थांबला. हँडलवरचा हात काढेना.

"पाडणार नाही, बाप्पा!"

"तसं नाही…" म्हणत त्यानं दिली.

पहिल्या पायालाच रेसर माझ्याखालून निसटली. मी सवयीनं काळ्या सायकलला लावते तेवढा जोर लावला होता, आणि तिला त्याच्या पावभरही नको होता. मी झोकांडी खाल्ली, सावरले, आणि मग… मग मला हसू यायला लागलं. एकटीच रस्त्यावर हसत सुटले. झाडं मागे जात होती, थंड हवा डोळ्यांतून पाणी काढत होती, आणि इतके महिने जे आत शिल्लक आहे असं वाटायचं, ते सगळं बाहेर येत होतं. मधला चढ कधी आला आणि कधी संपला, मला कळलं नाही. वर पोचल्यावर मी मागे पाहिलं. वाटलं, ताराचंद पाठीशीच असेल.

तो चढाच्या मध्यावर होता. सायकलवरून उतरलेला. दोन्ही हातांनी काळी सायकल ढकलत, पायी चढत होता.

त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. त्या सायकलची सवय नसलेला कोणीही उतरला असता. मी त्याला चिडवायला शब्दही जमवून ठेवले होते, त्यालाही हसू आलं असतं. पण फुटाळ्याच्या वळणावर तो आला तेव्हा त्याचा चेहरा बघून ते माझ्या तोंडातच राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"हँडल चुकीचं धरते तू," तो म्हणाला. "खांदे हालतात. यंदाची निवड राहू दे, शामला. पुढच्या वर्षी पाहू."

मी त्याची सायकल त्याला दिली, माझी घेतली. वाडीपर्यंत एकटीच परत आले. वारा नव्हता, तरी डोळ्यांत पाणी येत होतं. हँडल मी चुकीचं धरलं असेलही. पण एवढं मला समजलं होतं की त्यानं माझं हँडल पाहिलेलंच नव्हतं. तो खाली चढावर होता, मी दिसेनाशी झालेली… पाहणार कुठून? मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण संताप येऊनही तो मला आवडतच होता.

दुपारी आई मशीनवर होती. मी शेजारी बसून जाळीला फीत जोडत होते. ती आपणहून म्हणाली, "तुझ्या बाबानं हे सायकल मले कधी शिकू नाही दिली. म्हणे, पडशीन."

"मंग?"

"मंग काय? पडली असती का नाही, मले आजवर माहीत नाही," असं म्हणून तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढची जाळी मशीनखाली सरकवली.

सोमवारी मी चंपतरावांच्या दुकानात गेले. त्यांनी रेसर काठीनं खाली काढली, धूळ पुसली आणि दाराकडे बघत म्हणाले, "ताराचंदभाऊ नाही आले संग? गाडी पाहून घेतली असती त्यायनं."

"गाडी मी चालवणार आहो," मी म्हणाले.

संध्याकाळी तो नेहमीसारखा फाटकाशी उभा होता. आसमानी सायकल त्यानं लांबूनच पाहिली असणार, कारण मी जवळ पोचेपर्यंत तो खाली पाहून पायानं पेडल उलटं फिरवत होता.

"घेतली?"

"घेतली."

"सांगाचं तरी होतं."

"सांगितलं असतं तं तू काय म्हटलं असतं?"

दोन ट्रक गेले. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही त्या धुळीकडेच बघत होतो.

"ताराचंद, खरं सांग. मी तयार नव्हती का?"

"होती," तो हळूच म्हणाला. "दिवाळीच्या आधीपासूनच होती."

"मंग काहून…?"

"आधी खरंच तुझ्या भल्यासाठी म्हणत होतो, वं. जड गाडीनं पाय घडतात, हे खोटं नाही. पन मंग तू घडत गेली, आन् मले… भेव वाटाले लागलं." त्यानं पेडल थांबवलं. "मी सांगाचं आन् तू ऐकाचं, यानंच तं तू रोज भेटत होती. तू पुढं निघून गेली, मंग मी कोण? माझ्याजवळ दुसरं काय आहे? मले तू आवडते, शामला. भल्ली आवडते. पन पुढं राहिल्याशिवाय आवडाचं कसं… हे मले येत नाही."

कितीतरी रात्री हे शब्द मी मनात त्याच्या तोंडी घातले होते. "मले तू आवडते." माझ्या मनातल्या ताराचंदनं ते म्हटलं की मी लाजायची, ओढणी बोटाला गुंडाळायची. आता तो खरंच म्हणाला, आणि मी रेसरचं हँडल घट्ट धरून उभी होते. लाजायला मला सवड नव्हती.

"मलेही तू आवडते," मी म्हणाले. माझा आवाज कापला, तो मी कापू दिला. "पन मी हळू नाही चालवणार. तुझ्यासाठी नाही आन् कोणासाठीच नाही. हळू चालवून तुझ्यासंग राहिली, तं एक दिवस तुझाच राग राग करीन. ते मले नाही पाह्यजे."

"मंग काय कराचं?"

"रविवारी ये. गोंडखैरीपर्यंत जाऊ. मी जेवढी जाऊ शकते तेवढ्या जोरात जाईन. तुले जमलं तं ये, नाही जमलं तं… परत फिर. मी समजून घेईन."

तो येईल की नाही, या विचारात तो आठवडा गेला. आईनं दोनदा विचारलं, फीत उलटी काहून लावून राहिली म्हणून.

रविवारी धुकं होतं. वाडीच्या नाक्यावर गोदामांसमोर ट्रक रांगेनं उभे होते, ड्रायव्हर शेकोट्या करून बसले होते. तो त्या धुरातून बाहेर आला. मफलर कानाला गुंडाळलेला, डोळे न झोपल्यासारखे.

"चल," तो म्हणाला. बस, तेवढंच.

सुरुवातीला आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. त्याचा श्वास ऐकू येत होता, माझाही. दवलामेटीचा चढ आला, आणि मी उभी राहून पाय दिले. क्षणभर त्याचं पुढचं चाक माझ्या शेजारी दिसलं. मग नुसता श्वास. मग तोही नाही.

एकदा माझे पाय आपोआप ढिले झाले. खोटं कशाला बोलू? मनात आलं, थोडी थांब, येऊ दे त्याला, काय बिघडतं… कोणाला कळणार आहे? ताराचंदला कळलं असतं, आणि मलाही. मी मान खाली घातली आणि पुन्हा जोर लावला. आयुष्यात इतकं जोरात मी कधी गेले नव्हते, आणि इतकं रडू मला कधी आलं नव्हतं.

गोंडखैरीच्या एस्टी थांब्यासमोर एक छोटं हॉटेल होतं. मी सायकल टेकवली. बाकावर बसले. रस्त्याकडे बघत राहिले. एक एस्टी आली, तिच्यातून बायका उतरल्या. दोन बैलगाड्या आल्या. धुकं विरलं, ऊन पडलं. तो आला नाही.

परत फिरला असेल तर? मीच तर म्हटलं होतं, समजून घेईन म्हणून. काय कप्पाळ समजून घेणार होते! मला तो हवा होता. आत्ता, इथे, या बाकावर. पण मी हळू जाऊन मिळणारा नको होता.

मग वळणावर मफलर दिसला.

तो जवळ आला, उतरला. बोलायला दम नव्हता. हँडलवर हात टेकून वाकला, आणि बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाला, "किती वेळ झाला तुले येऊन?"

"आत्ताच आली" हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. किती सोपे होते ते, आणि किती गोड. मी त्याच्याकडे पाहिलं आणि ते गिळले.

"चहा झाला माझा," मी म्हणाले. "पोहे पन झाले. दुसरा चहा सांगू का नको, याचा विचार करून राहिली होती."

तो नुसता बघत राहिला. मी पोह्यांची रिकामी बशी बाजूला सरकवली.

"पोहे पन?"

"तर्रीसंग."

आणि तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, इतका की त्याला हँडल सोडून बाकाला धरावं लागलं. हॉटेलवाला बाहेर येऊन बघू लागला. हसता हसता तो माझ्या शेजारी बसला, आणि चेहऱ्यावर फुटाळ्याच्या वळणावरचं ते काहीही नव्हतं. मी शोधलं. खूप बारकाईनं शोधलं.

"मधात एका पुलापाशी थांबलो होतो मी," तो म्हणाला. "वाटलं, परत फिराव."

"मंग?"

"मंग वाटलं, तिकडं कोणी आपली वाट पाहून राहिलं असन, तं वाईट दिसन."

"पाहून राहिली होती," मी म्हणाले.

त्यानं मफलर सोडला, घडी केली, पुन्हा उलगडला. "तुझ्या बाबासंग बोलाले केव्हा येऊ?"

"आधी निवड. मंग ये."

"आन् निवड नाही झाली तं?"

"तरी ये."

"होईन," तो म्हणाला. आता तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. "मले माहीत आहे ना. आज मी काहीच राखून नव्हतं ठेवलं, वं. होता नव्हता तो सगळा जोर लावला. तरी तू दिसेनाशी झाली."

हे सांगताना त्याचा आवाज अभिमानानं भरून आला होता. मी हॉटेलवाल्याला हाक मारली आणि त्याच्यासाठी पोहे सांगितले, तर्री जास्तीची.